छाट

शनिवारी आम्ही जुने जमणार, रविवारी पोरांच्या पदव्या.
दोन्ही एकाच कार्डावर छापलं होतं,
खर्च वाचावा म्हणून.

कॉलेजच्या मागच्या चौकात
इरण्णा हत्तुरेनं मला ओळखलंच नाही.
मी त्याला ओळखलं, कानांवरून.
बाकी सगळं गेलं होतं : केस, आवाज, ती लुना.
मुमताज आली नातवाला काखेत घेऊन, म्हणाली,
अर्थशास्त्राच्या पेपरात तू दाखवलं नसतंस
तर हा झालाच नसता.
कसं, ते तिनं सांगितलं नाही.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर घट्ट दही,
आणि प्रत्येक टेबलावर गुडघे.
मार्चातच अडतीस, तरी कोट घालून आलेला दत्तप्रसाद
भाषण करून बसला, उठला,
राहिलेलं आठवलं म्हणून पुन्हा बोलला.

आमच्या वेळी कसलं उपरणं, कसलं व्यासपीठ.
पदवी कोल्हापूरहून पोस्टानं आली.
पोस्टमन म्हणाला, पेढे.
अम्मानं त्याला विड्यांचा एक कट्टा दिला, पंचविसाचा,
आणि लिफाफा ठेवला तंबाखूच्या डब्यात.
घरात तेवढीच एक जागा कोरडी होती.
बँकेच्या मुलाखतीत साहेबांनी तो कागद उघडला
आणि सलग तीनदा शिंकले.
नोकरी लागली.

रविवारी केगावला मोठ्या मांडवात
पालकांच्या खुर्च्या मागे, कूलरच्या पाठीशी.
अम्माच्या मांडीवर सूप नव्हतं
तरी बोटं चाललेली.
आधी वाटलं सवय. मग कळलं, मोजतेय.
पोरं चढत होती, कागद घेऊन उतरत होती,
पंचवीस झाली की ती एक बोट मिटायची.
दहाही मिटली तेव्हा नजर न हलवता
तिनं माझा हात ओढून घेतला
आणि पुढचे कट्टे माझ्या बोटांवर बांधायला लागली.

माझी दोन मिटली होती
तेव्हा माइकवर नाव आलं, श्रावंती गुंडेटी,
आडनाव चुकवून.
तेराव्या कट्ट्यातली सतरावी.
भाड्याचं उपरणं एका खांद्यावरून घसरत होतं.
मी ओरडले, उभी राहिले, फोटो हलला.
अम्मानं टाळी वाजवली नाही.
हात मोकळे नव्हते.

संपल्यावर तिनं विचारलं, तेलुगूत,
पण तो एक शब्द कारखान्याचाच :
आणि छाट किती?

छाट म्हणजे खिडकीपलीकडचा तो माणूस.
हजारातल्या साठ-सत्तर चिमटीत धरून मोडायचा,
ही ढिली, ही आखूड, ही तोंडाला फुटली,
मोडलेल्या ठेवूनही घ्यायचा,
पैसे मात्र उरलेल्यांचेच.

मी म्हणणार होते, अम्मा, इथे तसं नसतं.
इथे नावं आधीच ठरलेली असतात.
तोंडही उघडलं होतं.

मग आठवली नागमणी चिलवेरी.
मुमताजला मी जे दाखवलं, ते मला हिनं शिकवलेलं,
विजेच्या खांबाखाली, पाटीवर, दोन रात्रींत.
दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर ती आली नाही.
काल चार तास आम्ही सगळ्यांची नावं काढली,
मेलेल्यांची, अमेरिकेतल्यांची,
कॅन्टीनच्या मांजरीचंसुद्धा.

ती माझ्या शेजारी बसायची, अम्मा म्हणाली,
मी काही बोलायच्या आत.
हात चांगला होता. पानं सरळ कापायची.
एवढंच. मग पदरानं मान पुसली.

श्रावंती धावत आली, उपरणं चारच्या आत परत द्यायचं होतं,
पदवी आजीच्या हातात कोंबून पुन्हा पळाली.
अम्माला वाचता येत नाही.
तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला,
नाकाशी नेला,
बराच वेळ तिथंच ठेवला.

कोरी आहे, म्हणाली.